रडक्या फुटव्यांचा टोमॅटो

राजा एक होता, आणि त्याला नाही म्हणता येत नव्हतं. चंद्रभान त्याचं नाव. हत्ती होते, घोडे होते, पण समोर कोणी डोळ्याला पदर लावला की याचं झालंच पाणी. मग मागेल ते देऊन टाकायचा. असल्या राजाला लोक दयाळू म्हणतात. बिनकामाचा म्हणायला पाहिजे, पण राजाला कोण म्हणणार.

त्याला एकच मुलगी, बकुळा. सात वर्षांची. एकदा काय झालं, बकुळाची भूकच गेली. सकाळी ताटावर बसली आणि म्हणाली, "नको." दुपारी नको, संध्याकाळी नको. पुरणपोळी नको, शिरा नको. दिवसभरात चार चमचे पेज पोटात जायची, तीही नाक दाबून. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. वैद्य आले, मात्रा उगाळल्या, दक्षिणा घेऊन गेले. शेवटचा वैद्य जाताना म्हणाला, "महाराज, दोन महिने काढील. पुढचं माझ्यानं सांगवत नाही."

मग राजाच्या बागेतली हौसा माळीण पुढे आली. म्हातारी, पाठीत वाकलेली, तोंडाची फटकळ. तिनं पदराची गाठ सोडली आणि तीन बिया काढल्या.

"हे टोमॅटोचं बी. माझ्या आजीच्या आजीनं जपलेलं. झाड पंधरा दिवसांत फळाला येतं. पिकलं फळ खाल्लं की मेलेली भूक उठून बसते."

आता राजाच्या काळी टोमॅटो कुठून आला, असं एखादा शहाणा विचारील. गोष्टीत आला. गप ऐकायचं.

"पण माझ्या हातानं हे येणार नाही," हौसा म्हणाली. "ज्याचं लेकरू, त्यानंच वाढवायचं. आणि ध्यानात ठेवा. पान जिथं खोडाला चिकटतं, त्या बगलेत फुटवा निघतो. तो बोटाएवढा असतानाच खुडायचा. राहिला तर झाडाचं सगळं बळ तोच खातो. आणि महाराज, हे फुटवे बोलतात. रडतात. त्यांचं ऐकायचं नाही."

"एवढंच ना," राजा म्हणाला.

"एवढंच," हौसा म्हणाली, पण तिचं तोंड काही हसरं नव्हतं.

मग राजानं पहिलं बी लावलं. तिसऱ्या दिवशी रोप गुडघ्याला आलं. बगलेतून हिरवा फुटवा डोकावला. राजानं बोट पुढं केलं, तर फुटवा हुंदके द्यायला लागला. "राजा, मी कालच जन्मलो. मला अजून ऊनसुद्धा नीट लागलं नाही." झालं. राजाचे डोळे भरले. त्यानं फुटव्याला गोंजारलं आणि परत गेला. मग दुसरा फुटवा म्हणाला, त्याला ठेवलं, मला का नाही? मग तिसरा. मग फुटव्यांना फुटवे आले, बरं का, आणि सगळे एका सुरात रडायचे. पंधरा दिवसांत तिथं झाड राहिलं नाही, जाळी झाली. माणूस आत शिरला तर बाहेर येणार नाही. वारा नाही, ऊन नाही. पानं मातीला टेकली, ओली राहिली, खालून काळी पडत वर सडत गेली. फळं आली ती हरभऱ्याएवढी, तीही हिरवीच गळली.

हौसा येऊन बघून गेली. "पाला छान आलाय," म्हणाली. "शेळ्या बोलवा."

राजाला भारी लागलं. त्यातून बकुळाच्या बांगड्या आता हातात राहीनात. मग राजानं दुसरं बी लावलं, आणि या खेपेला कानात कापसाचे बोळे घातले. रोप वाढलं. फुटवे आले. राजानं काय करावं? तलवार उपसली. फुटवा काप, पान काप, शेंडा काप. जे हिरवं दिसलं ते कापलं. प्रधान कौतुक करत होता, "वा महाराज, काय हात आहे." राहिली एक काठी आणि तिच्यावर चुकून सुटलेली दोन फळं. वर एक पान नाही. उन्हानं फळं भाजली, पांढरी पडली आणि गळाली.

हौसा आली. काठीकडे बघितलं, तलवारीकडे बघितलं.

"टोमॅटोशी लढाई होती काय?"

"तूच म्हणालीस, ऐकू नको, खुडून टाक."

"मी फुटवा म्हणाले. पान म्हणाले का? पान नसेल तर झाड जेवणार कशानं, आणि फळाला सावली कोण धरणार? रागावून तोडणं आणि बघून खुडणं, दोन्ही एकच वाटतं तुम्हाला."

त्या दिवशी बकुळानं पेजेचा चमचासुद्धा परत केला.

राहिलं एक बी. राजा ते घेऊन स्वतः हौसाच्या झोपडीशी गेला आणि म्हणाला, "बाई, आता पहिल्यापासून सांग."

"आधी हात धुऊन या," हौसा म्हणाली. "तंबाखू मळलेल्या हातानं झाडाला शिवलं तर झाडाला रोग लागतो."

राजाला जन्मात कोणी हात धुऊन ये म्हटलं नव्हतं. पण गेला, राखेनं घासून धुऊन आला. मग हौसा सांगत गेली, राजा करत गेला. रोपाशेजारी बांबू रोवला. सुतळीनं सैल बांधलं, खोडाला काचणार नाही असं. मातीला टेकणारी खालची पानं काढली. पाणी बुडाशी घातलं, पानावर नाही. आणि रोज सकाळी उन्हं आली, दव वाळलं, की राजा झाडापाशी हजर.

"एक फुटवा ठेवायला मुभा आहे," हौसानं सांगितलं. "पहिल्या फुलाच्या खाली जो येईल तो. बाकी कोणी किती गोड बोलू दे."

आणि बोलले की. सगळ्यात खालचा फुटवा तर असा बोलायचा की दगडाला पाझर फुटावा. "राजा, मी तुझं लेकरू. मला ठेव."

राजाचा हात थांबला. दोन बोटांत फुटवा धरलेला, आणि हौसा लांब बसून बघतेय.

"तू फळ कधी देशील?" राजानं विचारलं.

"आधी मला मोठं तर होऊ दे. मग बघू."

"माझं लेकरू आत पडलंय," राजा म्हणाला. "तिला मग बघू म्हणायला वेळ नाही." आणि खुडला. कट्ट आवाज झाला, बास. बोटाला हिरवा डाग लागला. राजाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नाही. पुढचा खुडला, त्याच्या पुढचा खुडला. पहिल्या फुलाखाली एक जाडसर फुटवा होता. तो काहीच बोलत नव्हता, नुसता वाढत होता. त्याला राजानं सुतळीनं दुसऱ्या बांबूला बांधलं.

मग वारा झाडातून आरपार जायला लागला. फुलं आली, फळं धरली. एकेका घोसात पाच, सहा. फळांवर पानांची सावली होती, ती राजानं राहू दिली. पंधराव्या दिवशी सगळ्यात खालच्या घोसातलं फळ पिकलं. लालबुंद, मुठीएवढं.

राजानं ते धुतलं आणि बकुळाच्या हातात दिलं. सवयीनं ती म्हणाली, "नको." मग तिनं त्याचा वास घेतला. मग एक घास घेतला. रस हनुवटीवरून ओघळला. सगळा महाल श्वास धरून उभा.

बकुळा म्हणाली, "मीठ आहे का?"

प्रधान मिठाला धावला, पण राजा त्याच्या आधी पोचला. मिठाबरोबर बकुळानं अख्खा टोमॅटो संपवला. मग भाकरी मागितली. मग दुसरी भाकरी. आणि तिसरीला तोंडी लावायला कोरड्यास कमी पडलं म्हणून रुसून बसली, तेव्हा राजा भिंतीकडे तोंड करून रडला.

पुढं बकुळा चांगली गुबगुबीत झाली. राजा बागेत राबायचा, हौसा त्याच्या चुका काढायची, आणि टोमॅटो गावाला पुरून उरायचे. तिकडं सगळे पोटभर जेवले, हात पुसले आणि आडवे झाले. आता तुम्हीही गोधडीत पाय घ्या. ढकलाढकली नको, आणि पाणी मागायचं नाही. झोपा.