सूर्याची जागा

"आणि ग्रह नीट गोल का फिरत नाहीत, हे तू नुसत्या घड्या घालून दाखवणार?" अनंतबुवांनी विचारलं.

"हो," त्रिविक्रम म्हणाला. "कंपास आणि कात्री, एवढंच लागेल."

दाखव, अशी नुसती मान हलवली.

गोदाकाठच्या त्या मठात पंचांगाचं गणित चालायचं. गादीवर बसू पाहणाऱ्याने एक सिद्धांत गुरूपुढे मांडून दाखवायचा, तोही स्वतःचा आणि एक अक्षर न लिहिता, अशी तिथली रीत. बुवांची नजर अजून शाबूत होती, पायांतलं बळ मात्र गेलं होतं. शिष्य उरला होता एकच. दुसरा, व्यंकट, चैत्रात काविळीने गेला.

म्हणजे गादी त्रिविक्रमलाच मिळणार, हे मठातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण दुसरा कुणी नाही म्हणून मिळालेली गादी त्याला नको होती. उरलेला भात कुणी वाढला तर पोट भरतं, मान मिळत नाही. त्याला बुवांच्या तोंडून 'शाबास' ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत तो शब्द फक्त व्यंकटच्या वाट्याला आला होता, आणि व्यंकट गेल्यावरही ते सलणं थांबलं नव्हतं.

त्याने पतंगाच्या कागदावर कंपासने वर्तुळ काढलं आणि कापून घेतलं. मध्यावर कंपासच्या टोकाचं बारीक भोक राहिलं. त्यापासून जरा हटून त्याने कुंकवाचा एक ठिपका दिला. मग कागदाचा काठ उचलून ठिपक्याला टेकवला, घडी दाबली, उलगडली. पुन्हा काठाची तेवढ्याच अंतरावरची पुढची जागा, पुन्हा ठिपका, पुन्हा घडी. बोटं चांगलीच सरावलेली होती.

घड्या वाढत गेल्या तसा कागदात एक लांबट आकार उमटला. तो कुणी काढला नव्हता. प्रत्येक घडी त्याला बाहेरून नुसती स्पर्श करून जात होती.

"लंबवर्तुळ," त्रिविक्रम म्हणाला. त्याचा आवाज जरा चढलाच होता.

"देखणं आहे. पण ग्रहाला तुझ्या घड्यांशी काय देणंघेणं?"

हा प्रश्न येणार, हे त्याला माहीत होतं. उत्तर तोंडपाठ होतं.

"सूर्याभोवती सारखे कोन पाडायचे, बुवा. ग्रह दुप्पट लांब असला की ओढ पाव होते, पण तेवढाच कोन ओलांडायला त्याला वेळ चौपट लागतो. म्हणजे दर कोनामागे वेगाला बसणारा हिसका तेवढाच राहतो. फक्त दर वेळी तो तेवढाच वळलेला असतो. असे हिसके एकापुढे एक जोडत गेलं की वर्तुळ होतं. हे ते वर्तुळ. वेगाचे बाण या ठिपक्यातून निघतात आणि टोकं काठावर टेकतात. घडी बाणाला काटकोनात पडते. सगळं चित्र एक काटकोन फिरवलं, की त्या क्षणी ग्रह कुठल्या दिशेने चाललाय, ते घडी सांगते."

बुवांनी डोळे मिटले. ओठ किंचित हलले.

आता म्हणतील... त्रिविक्रमला वाटलं.

"यात सूर्य कुठं आहे?" बुवांनी विचारलं.

त्याला हसू आलं. सूर्य मधोमध नसतो, एका बाजूला असतो, हे शाळेतली पोरंही सांगतात. त्याने कुंकवाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा."

बुवांनी डोळे उघडले.

"सारखे कोन कुठून पाडलेस?"

"वर्तुळाच्या मध्यापासून."

"आणि ते कुणाभोवतीचे कोन, म्हणालास?"

"सूर्या..."

त्याने कागदाकडे पाहिलं. कंपासचं ते भोक वर्तुळाच्या मध्यावर होतं, पण लंबवर्तुळाच्या मध्यावर नव्हतं. तेही एका बाजूलाच होतं. सूर्य पहिल्यापासून तिथे होता.

"मग कुंकवात कोण आहे?"

"तिथं..." त्रिविक्रम चाचरला. "तिथं कुणी नाही."

ज्याने हे शोधून काढलं, त्याने सगळ्यात आधी सूर्य मांडला असणार. सूर्य कुठे ते न कळता इथवर पोचताच येत नव्हतं. हे त्रिविक्रमला आत्ता कळलं. बुवांना ते आधीच कळलं होतं, हेही कळलं.

"व्यंकट शेवटी पतंगाचे कागद मागायचा," बुवा म्हणाले. "कशाला, म्हणून मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, तापात बरळतोय."

घड्या दाबणारी व्यंकटची पिवळी बोटं त्रिविक्रमला दिसली. बरा झालो की बुवांना दाखवतो, तोवर हा कागद तू ठेव, असं तो म्हणाला होता. किती विश्वासाने म्हणाला होता. त्रिविक्रमला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेआधी भीती वाटली, की गादी गेली.

"मी सांगणारच होतो, बुवा."

"कुणाला?"

बुवांनी दोन्ही हात टेकले आणि रेटा देत ते गादीवरून खाली, उघड्या फरशीवर सरकले. वेळ लागला. त्रिविक्रम हात द्यायला पुढे झाला. बुवांनी तो घेतला नाही. त्यांच्या बसण्याचा खळगा गादीत तसाच राहिला.

"मला शिक्षा करा. घालवून द्या."

"पाडव्याला लोकांना पंचांग लागेल. दुसरं कोण उरलंय?"

"मग निदान दोन शब्द बोला, बुवा."

बुवांनी कुंकवाच्या ठिपक्याचा तो कागद उचलला आणि गादीवरच्या खळग्यात ठेवला.

"बैस," ते म्हणाले. "तू सूर्य ठेवलास ती रिकामी जागा हीच."