पातीतलं मीठ

"माई, या पातीत तुम्ही काय घालता?"

राहीमाई ताटं विसळत होती. तिने मान वर केली नाही.

"तेल, लसूण, मिरची. वरून मूठभर बेसन."

"ते मला कळतं. आणखी काय?"

"आणखी काही नाही."

विचारणारा हसला. त्या हसण्यात विश्वास नव्हता.

"मी अंबादास आचारी. चाळीस वर्षं लग्नाच्या पंगती रांधतोय. एकेका दिवशी दोन-दोन हजार माणसं जेवू घातलीत. माझ्यापासून काय लपवता?"

"दोन हजार..." राहीमाई म्हणाली. "त्यांतल्या एकाचं तरी नाव सांग."



गिरणा नदीच्या काठी राहीमाईची मठी होती. मठी म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली, पुढे सारवलेलं अंगण आणि मागे कांद्याचे सहा वाफे. आत मूर्ती नव्हती, तसबीर नव्हती. दुपारी जो येईल तो अंगणात बसून जेवायचा. हिवाळाभर एकच जेवण असे, कांद्याची पात आणि ज्वारीची भाकरी.

लांबलांबून लोक येत. काय मिळतं तिथे, असं विचारलं तर सांगता येत नसे कुणाला.

अंबादासने मात्र त्या दुपारी डोळ्यांनी पाहिलं होतं. बांधावरून वर्षभर भांडणारे दोन सख्खे भाऊ शेजारीशेजारी बसले होते. एकमेकांकडे पाहतही नव्हते. जेवता जेवता धाकट्याची पात संपली. थोरल्याने न बोलता आपल्या ताटातली निम्मी उचलून त्याच्या ताटात वाढली. धाकटा नुसता तिच्याकडे बघत राहिला... आणि मग रडत रडत खाऊ लागला.

अंबादासच्या अंगावर काटा आला होता. चाळीस वर्षांत त्याच्या हातचं जेवून लोकांनी वाहवा केली होती, ढेकरा दिल्या होत्या, शालजोड्या दिल्या होत्या. असं कधी झालं नव्हतं.

"सांगा ना, माई."

राहीमाईने शेवटचं ताट उपडं घातलं.

"सकाळी ये. पात काढायची आहे."

पौषाचे दिवस होते. सकाळी पातीवर दव होतं. अंबादास वाफ्यात शिरला आणि घटकाभरात भली मोठी जुडी घेऊन आला. सगळ्या काड्या सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या. बाजारात अशीच जुडी निवडून घेतो आपण, असं तो म्हणाला.

राहीमाईने जुडी हातात घेतली.

"ही कुणासाठी?"

"म्हणजे? जेवायला येतील त्यांच्यासाठी."

"कोण येणार आहे?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

राहीमाईने जुडी पायरीवर ठेवली आणि अंगणाकडे बोट केलं. तिथे तीन माणसं येऊन बसली होती. ऊन अंगावर घेत होती.

"जा, बघून ये."

अंबादास जरा चिडला, पण गेला. परत येऊन म्हणाला, "एक म्हातारा आहे. एक पोटुशी बाई आहे. एक गडी आहे, विहिरीच्या कामावरचा."

"म्हाताऱ्याला दात आहेत?"

"...ते नाही पाहिलं."

"चल."

ती वाफ्याच्या कडेला बसली. तिचं वय ऐंशीच्या घरात असेल, पण बसली ती अलगद बसली. एकेक रोप ती बोटांनी चाचपून बघत होती. मुळाशी दोन बोटं मातीत घालायची, जराशी हलवायची, आणि रोप आपण होऊन हातात यायचं. अंबादासने उपटलेल्या निम्म्या रोपांचे कांदे तुटून मातीतच राहिले होते. तिचं एकही तुटलं नाही.

"ही कोवळी, तात्याची. त्याला एकही दात नाही. ही हिरवी तेवढी सोनाबाईची. सहावा महिना आहे तिला, पांढऱ्याच्या उग्र वासाने मळमळतं. आणि हा कांद्यासकट, दणकट, विहिरीवरच्या नामदेवचा. तो कच्चाच खातो, बुक्कीने फोडून."

मधून फुलाचा दांडा आलेलं एक रोप तिच्या हाताला लागलं. ते तिने तसंच सोडलं.

"हे निबर झालं?" अंबादासने विचारलं.

"हे पुढच्या वर्षी जो येईल त्याचं. बी धरू दे."

अंबादास तिच्याकडे बघत राहिला. मग त्या वाफ्याकडे. हिरव्या पातींत त्याला जणू माणसं उभी दिसू लागली. अजून न आलेलीसुद्धा... त्याने नकळत पाय आखडून घेतला. कुणावर तरी पडेल असं वाटलं त्याला.

चूल पेटली. राहीमाईने तेलात लसूण टाकला, मिरची टाकली, चिरलेली पात टाकली. सोनाबाईची पात बिनलसणाची, वेगळ्या तव्यावर. पात बसत आली तसं वरून बेसन भुरभुरलं, झाकण ठेवलं. अंबादासला यात काही नवं दिसलं नाही. हे तर त्याने हजारदा केलं होतं.

तिने झाकण काढलं. पळीभर पात त्याच्या तळहातावर ठेवली.

"मीठ बघ."

अंबादासने ती जिभेवर घेतली. डोळे मिटले. चाळीस वर्षांच्या सवयीने मान डोलावली.

"नेमकं आहे."

राहीमाईने मिठाचं मडकं पुढे ओढलं.

"मी अजून घातलंच नाही, अंबादास."

चुलीत लाकूड तडकलं.

अंबादासचा चेहरा पांढरा पडला.  

"तुम्हांला कसं कळलं?"

"काल कुणीतरी आणलेली काकडी कडू निघाली. सगळ्यांनी थुंकून टाकली. तू चावून खाल्लीस."

तो चुलीकडे बघत बोलू लागला, हळू आवाजात, राहीमाईकडे न बघता.

"भाद्रपदात ताप आला होता. बारा दिवस. ताप गेला, आणि जाताना जीभ घेऊन गेला. नाकही. काहीच लागत नाही, माई. गोड नाही, खारट नाही. घरी बायकोलाही सांगितलेलं नाही. हाताच्या अंदाजाने रांधत राहिलो. मार्गशीर्षात एका लग्नात आमटीत मीठ दोनदा पडलं. सहाशे माणसं पानावरून उठली, एक शब्द न बोलता. मुलीचा बाप माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं..."

"आणि आता?"

"माघात माझ्या मुलीचं लग्न आहे. वैजयंतीचं. तिची पंगत मीच रांधणार असं तिच्या जन्मापासून सांगत आलोय. लोक म्हणतात, अंबादासच्या हाताला चव आहे. म्हणून तुमच्याकडे आलो. वाटलं, तुमच्याकडे काहीतरी असेल. जडीबुटी, मंत्र... जिभेवाचून चालेल असं काही."

राहीमाईने चिमूटभर मीठ त्याच्या हातावर ठेवलं.

"घाल."

"मला कळणार नाही."

"मग विचार."

"कुणाला?"

तिने पुन्हा अंगणाकडे बोट केलं.

अंबादास हलेना. त्याच्या भटारखान्यात कुणी तोंड उघडत नसे. मदतनीस त्याच्या नुसत्या भुवईकडे बघून कामं करत. कढईत डोकावलं म्हणून त्याने माणसं घालवून दिली होती. आणि आता...

"तुम्हीच का बघत नाही, माई? तुमची जीभ तर शाबूत आहे."

"मी कधीच बघत नाही."

"नैवेद्यासारखं?"

"नैवेद्याला इलाज नसतो. देवाला आधी विचारता येत नाही." राहीमाई म्हणाली. "हे तर समोर बसलेत."

अंबादासने मीठ घातलं. पळीत थोडी पात घेतली. अंगणातल्या म्हाताऱ्यापुढे जाऊन तो उकिडवा बसला. 

"तात्या... मीठ बघता का?"

तात्याने पात तोंडात घेतली. दात नसलेल्या तोंडात ती इकडून तिकडे फिरवली. त्याचे डोळे अर्धवट मिटले, कपाळावरच्या सुरकुत्या एकवार गोळा झाल्या आणि सुटल्या. पिकल्या मिशांखाली ओठ हलले.

अंबादास बघत होता. चवीला माणसाच्या तोंडावर येताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. चाळीस वर्षं तो कढईत बघत होता.

"आणिक जरासं लागेल," तात्या म्हणाला.

तो आत गेला, मीठ घातलं, पुन्हा आला. मग सोनाबाईच्या पातीत मीठ घालून ती तिच्यापुढे घेऊन गेला. तिला पहिलीच चव पुरली. तिने पोटावर हात ठेवला आणि हसली. "दादा, आता काही घालू नका."

 

सगळी जेवायला बसली. अंबादासने वाढलं. बोलणं थांबलं. नामदेवने कांदा बुक्कीने फोडला त्याचा आवाज तेवढा झाला. मग भाकरी मोडल्याचा आवाज, आणि पलीकडे नदीचा. अंबादास पळी हातात धरून भिंतीशी उभा होता. त्याच्या जिभेवर काही नव्हतं. तरी तात्या घास गिळी तेव्हा तोही गिळत होता.

त्या दिवशी तो न जेवताच निघाला. राहीमाईने थांबवलं नाही.

घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग रागावली, इतके महिने बोलला नाही म्हणून. माघात लग्नाचा दिवस उजाडला. मांडवामागे चुलाण पेटलं होतं. मुहूर्ताला अजून वेळ होता. अंबादासने हळद लागलेल्या मुलीला भटारखान्यात बोलावलं. वैजयंती दाराशीच थबकली. लहानपणापासून तिला तिथे पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"ये. मीठ बघ गं."

तिने वाटीतली आमटी ओठांना लावली. बापाच्या तोंडाकडे बघितलं. त्याला काही लागत नाही हे तिला आईने सांगितलं होतं.

"थोडं कमी आहे, बाबा."

त्याने घातलं.

"आता?"

"आता झालं."

नंतर वऱ्हाडातली म्हातारीकोतारी, वरमाय, पाणक्या, ज्याला त्याला अंबादास वाटी घेऊन विचारत फिरला. लोकांना वाटलं, मुलीच्या लग्नात आचाऱ्याचं डोकं फिरलं. पंगत बसली. आमटी दुसऱ्यांदा मागितली गेली, तिसऱ्यांदा मागितली गेली. वैजयंती सासरी गेली.

फाल्गुन लागला तेव्हा तो पुन्हा गिरणेच्या काठी आला. राहीमाई वाफ्यात बसली होती. तोही शेजारी बसला आणि गवत काढू लागला. लग्नाचं सगळं सांगून झालं. मग दोघं वाफ्याच्या टोकापर्यंत गवत काढत गेली.

"माई..."

"बोल."

"माझी चव परत येईल का?"

राहीमाईने गवताची काडी मुळासकट काढली, माती झटकली आणि पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुझी होती?"