शांततेचे घर

खूप खूप पूर्वी, समुद्र आणि माणूस यांची भांडणे अजून मिटायची होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी तर जरा कान देऊनच ऐकावी, कारण चूक थोराच्या हातून झाली होती.

एक देश होता. समुद्रापेक्षाही खाली वसलेला. लोकांनी मातीचे उंच बांध घातले, पाणी मागे रेटले, पवनचक्क्यांनी उरलेसुरले पाणी उपसून काढले आणि त्या ओल्या जमिनीवर गवत, गाई आणि गावे वाढवली. अशा त्या देशातल्या एका मोठ्या शहरात एक ओतारी राहत असे. तो घंटा ओतायचा. त्याने ओतलेली घंटा वाजली की तीन कोसांवरचा माणूस मान वर करून बघायचा.

ओताऱ्याला मूलबाळ नव्हते. होती ती बायको, आणि तिच्यावर त्याचा भारी जीव. ती मोठी बोलकी होती. भाजीवालीशी बोलायची, मांजराशी बोलायची, कोणी नसले तर चुलीवरच्या भांड्याशीही बोलायची. पण उतारवयात तिचे काळीज अशक्त झाले. दोन पायऱ्या चढली तरी धाप लागू लागली.

वैद्याने नाडी पाहिली आणि तो म्हणाला, "हिला धक्का सोसायचा नाही. गोंगाटापासून दूर ठेवा. शांत जागी राहिली तर अजून दहा वर्षं काढील."

दहा वर्षं! ओताऱ्याने तेवढेच ऐकले. त्याच आठवड्यात त्याने आपली भट्टी शिष्याच्या हवाली केली, गाडी जुंपली आणि तो घर शोधायला निघाला.

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावे बांधून. मी म्हणतो, विकत घेऊनही पाहावे, म्हणजे माणूस किती वेडा होऊ शकतो ते कळते. ओताऱ्याने एकामागून एक बारा घरे पाहिली. एका घराजवळ बदके ओरडत होती, म्हणून ते नको. एकाच्या मागे पवनचक्की करकरत होती, म्हणून ते नको. एक घर सगळ्या बाजूंनी छान होते, पण समोरच्या लोहाराला शिंका फार यायच्या. "अहो, शिंकेने काय होतंय?" असे बायको म्हणाली, तर हा म्हणतो, "तुला धक्का बसेल."

तेरावे घर मात्र त्याला आवडले. बांधाच्या पायथ्याशी एक एवढेसे गाव. वीस-बावीस घरे, मधून एक अरुंद कालवा, दोन्ही काठांना गवत. घर विटांचे होते, छप्पर बोरूच्या वाळक्या काड्यांचे आणि खिडक्या मोठमोठ्या. ओतारी अंगणात घटकाभर डोळे मिटून उभा राहिला. काही म्हणजे काही ऐकू आले नाही.

"घेतलं," तो म्हणाला.

घर विकणारा भला माणूस होता. किल्ली देताना तो म्हणाला, "दादा, आमच्या गावाची एक रीत आहे, ती सांगून ठेवतो. उजाडलं की खिडक्यांच्या झडपा उघडायच्या. पाऊस असो, बर्फ असो. झडपा उघडल्या म्हणजे घरातलं माणूस सुखरूप आहे असं शेजाऱ्याला कळतं. उन्हं वर आली तरी उघडल्या नाहीत, तर शेजारी दार ठोठावणार. उत्तर आलं नाही तर आत शिरणार. पाणी एका रात्रीत घर बुडवतं ना इथं, म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेली रीत आहे."

ओतारी "बरं बरं" म्हणाला. खरे सांगायचे तर त्याचे लक्ष किल्लीकडे होते.

सामान लावता लावता नवराबायको इतके दमले, की दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तरी दोघे झोपलेलेच. झडपा अर्थातच बंद. इतक्यात दारावर धडाधडा थापा पडल्या, आणि मागोमाग लाकडी जोडे खडखडवत शेजारची दूधवाली म्हातारी थेट आतच आली. "अगं बाई, जिवंत आहात ना गं?" असे तिने इतक्या मोठ्याने विचारले की ओताऱ्याची बायको दचकून उठून बसली. तिने छातीवर हात ठेवला. चेहरा पांढरा पडला. मग थोड्या वेळाने तिला हसू आले, आणि म्हातारीलाही आले. दोघी हसत बसल्या.

ओताऱ्याला मात्र हसू आले नाही. त्याला वैद्याचे शब्द आठवत होते. दुपारी तो तडक म्हातारीच्या अंगणात गेला.

"आजीबाई, माझ्या बायकोचं काळीज नाजूक आहे. आजपासून आमच्या झडपा बंदच राहतील. त्या पाहून कोणी यायचं नाही. काही ऐकू आलं तरी यायचं नाही. आम्ही इथं शांततेसाठी आलोय."

"अरे दादा, पण रीत आहे ती गावाची."

"मी घर विकत घेतलंय, रीत नाही घेतली. मला शब्द द्या."

 तो म्हातारीचा मुलगा असता तर तिने त्याचा कान उपटला असता. पण हा पडला परका माणूस, आणि बायकोच्या काळजीने अर्धा झालेला.

"बरं बाबा, दिला शब्द," ती म्हणाली. "गावालाही सांगते."

त्या गावात दिलेला शब्द बांधासारखा मानत. त्याला भोक पाडणे कोणाच्या स्वप्नातही नसे.

मग घरात शांतता नांदू लागली. ओतारी चवड्यांवर चालायचा. भांडे ठेवायचा तर खाली फडके घालून ठेवायचा. बायको बंद झडपांमागे, फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेत बसून विणायची. बाहेरून कोणी गेले की तिचे हात थांबायचे आणि पाऊल लांब जाईपर्यंत ती ऐकत राहायची.

एकदा ती म्हणाली, "अहो, एक झडप तरी उघडू द्या ना. म्हातारी दूध घेऊन जाते, तिला हात करीन नुसता."

"मग ती थांबेल. थांबली की बोलेल."

"बोलू द्या की. मला आवाजाची भीती नाही हो वाटत. माणूस नसल्याची वाटते."

ओताऱ्याने प्रेमाने तिच्या अंगावर शाल ओढली. "वैद्य काय म्हणाला विसरलीस? दहा वर्षं." त्यानंतर ती गप्प बसू लागली, तसे ओताऱ्याला वाटले की हिला आराम पडतो आहे. माणूस आपल्याला हवा तोच अर्थ काढतो, त्याला कोण काय करणार?

पानगळ सुरू झाली आणि शहरातून निरोप आला. ओताऱ्याने ओतलेली सगळ्यात मोठी घंटा तडकली होती. शिष्याला काही सुधरत नव्हते. दोन दिवसांचे काम होते, पण ओताऱ्यावाचून होणारे नव्हते.

निघताना बायकोने विचारले, "म्हातारीला सांगून जाता का, मी एकटी आहे म्हणून?"

त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, "सांगितलं तर ती दहादा डोकावेल. तू आपली पडून राहा. परवा आलोच मी."

परवा तो आला नाही. वाटेत वादळ झाले, कालव्यांतली नावांची ये-जा बंद पडली, आणि तो चौथ्या दिवशी दुपारी घरी पोहोचला. हातात तिच्यासाठी शहरातली गोड बिस्किटे होती.

दार उघडून त्याने हाक मारली. मग पुन्हा मारली.

ती खिडकीखाली पडलेली होती, अंग गार पडलेले. स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला असावा. मांडीचे हाड मोडले होते. तिथून सरपटत सरपटत ती खिडकीपर्यंत आली होती. झडपेची कडी उंच होती, तिथे तिचा हात पोहोचला नव्हता. मुठीत पितळी पळी घट्ट धरलेली होती, आणि झडपेच्या लाकडावर, हात पोहोचेल तितक्या उंचीवर, पळीचे ठोके उमटलेले होते. एक नाही, दोन नाही. सगळी फळी खड्ड्यांनी भरली होती.

ओतारी कितीतरी वेळ त्या फळीवरून बोटे फिरवत राहिला. मग उठला आणि ओरडतच म्हातारीच्या दाराशी गेला.

"दहा पावलांवर राहता तुम्ही! ती झडपेवर ठोके देत होती. तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

म्हातारी उंबऱ्यावरच खाली बसली. काय झाले ते तिला त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळले.

"ऐकलं," ती म्हणाली. "परवा ऐकलं, दूध घेऊन चालले होते तेव्हा. कालही ऐकलं, पण हळू. दूध खाली ठेवलं, तुझ्या दारापर्यंत आले, हातही उचलला थाप मारायला. मग वाटलं, तू घरात काही ठोकत असशील. आणि तूच सांगितलं होतंस रे, काही ऐकू आलं तरी यायचं नाही. मी हात मागे घेतला."

ओताऱ्याने आता रागावावे तर कोणावर? ज्याच्यावर रागवायचे तो त्याच्याच जोड्यांत उभा होता.

"तुम्ही शब्द मोडायचा होता, आजीबाई," शेवटी तो म्हणाला.

"मोडायचाच होता," म्हातारी रडत म्हणाली. "मरेपर्यंत मला ते सलेल. पण दादा, असला शब्द तू मागायचा नव्हतास."

त्या दिवशी सगळे गाव कोणी न बोलावता आले. बायकांनी तिला न्हाऊ घातले, विंचरले. पुरुषांनी तिला खांद्यावर घेऊन बांधावरून नेले. तिचे नाव गावात एकालाही ठाऊक नव्हते. तिला पुरण्यासाठी खणलेल्या खड्ड्याशी उभे राहून त्यांनी ओताऱ्याला ते विचारले, आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून ते मोठ्याने उच्चारले. तिला माणसांचा तो आवाज किती आवडला असता, हे तिथे एकट्या ओताऱ्यालाच माहीत होते. तो लहान मुलासारखा रडला.

पुढे वैद्याने सांगितलेली दहा वर्षे ओताऱ्याला मात्र पुरेपूर मिळाली. ती त्याने त्या घरात एकट्याने काढली.

म्हणून सांगतो, घर मोल देऊन मिळते, पण शेजाऱ्याला ज्याने दाराबाहेर ठेवले, त्याने संकटातली मदतही दाराबाहेरच ठेवली.