विमानपडीवरची पहिली चराई

खडकेवाडीच्या माथ्यावरच्या पठाराला विमानपड म्हणतात. दसरा झाला की गावातली मेंढरं पहिल्यांदा तिथेच चरायला जातात, आणि त्या दिवशी कळपापुढे पुरुष नसतो, बाई चालते. असं का, ते येणाऱ्याजाणाऱ्याला म्हातारे सोनबा बरकडे पठारावरच्या उभ्या दगडापाशी बसून सांगतात.

जगातली दुसरी मोठी लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. लष्करातली नवी पोरं त्या काळी विमान शिकायला या डोंगरांवरून घिरट्या घालीत, असं सांगतात. एका सकाळी, धुकं पुरतं उठलेलं नसताना, एक विमान पठाराला घासलं आणि पेटलं. तिथे तेव्हा एकटी ठकूबाई होती. नवऱ्यामागे तीस मेंढ्या राखणारी.

मेंढ्या उधळल्या. त्यांच्यामागे न जाता ती जाळाकडे धावली. शिकवणारा साहेब जागीच गेला होता. दुसरा, नुकतं मिसरूड फुटलेला, पट्ट्यात अडकला होता. तिने कमरेच्या कोयत्याने पट्टा तोडला, म्हणे, आणि काखेत धरून त्याला ओढत लांब आणलं. तिचे हात कोपरापर्यंत भाजले.

त्याची भाषा तिला कळेना. ‘पानी’ तेवढं कळलं. तिने घोंगडीचा कोपरा भिजवून त्याच्या ओठांवर पिळला. लष्कराची माणसं डोंगर चढून आली तेव्हा त्याचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. प्राण मात्र केव्हाच गेला होता.

लष्कराने देह नेले, पत्रे नेले. मग गाव देवळापुढे बसलं. भगत म्हणाला, “अवगतीचं मरण हाय. पठार बाधलं. तिथं चरंल ते मेंढरू जगायचं न्हाई.” जो वर जाईल त्याच्याशी रोटीव्यवहार तोडायचा, असं ठरलं.

हातांना पाला बांधलेली ठकूबाई उभी राहिली. “पोरगं माझ्या मांडीवर गेलं. ते माझ्या मेंढरांना का मारंल?”

“तुला यातलं कळत न्हाई,” पाटील म्हणाले.

“त्यानं पाणी मागितलं, ते मलाच कळलं, पाटील.”

दुसऱ्या दिवशी ती कळप घेऊन वर गेली. गावाने तिला विस्तव देणं बंद केलं, विहिरीवर तिची घागर अडवली. तिने पठारावरच पाल ठोकलं, झऱ्याचं पाणी प्यायली. भीती तिलाही वाटायची. मेंढ्या जळक्या जागेकडे जाईनात, तेव्हा ती आधी एकटी तिथे जाऊन बसायची आणि मग त्यांना हाक घालायची. त्याच जागी तिने दगड उभा केला. रोज सकाळी त्याच्यावर दुधाची धार सोडायची.

त्या हिवाळ्यात खाली मेंढ्यांना देवी आल्या आणि कळपचे कळप दगावले. साथ सरल्यावर भगत स्वतः उरलेली मेंढरं घेऊन वर आला.

“तुझी किती गेली?” त्याने विचारलं.

“दोन. एक लांडग्यानं नेलं, एक थंडीनं गेलं. पोरानं एकबी न्हाई.”

भगताने मान खाली घातली आणि मेंढरं गवतात सोडू लागला. ठकूबाईने काठी आडवी धरली.

“आधी दगडाला दूध.”

भगताने कळपातली शेळी पिळली, असं सांगतात.

आजही पहिल्या चराईला पुढे चालणारी बाई पठाराच्या तोंडाशी काठी आडवी धरते. दगडावर दूध पडेपर्यंत पाटलांची मेंढरं थांबतात, भगताच्या घरची थांबतात. काठी कधी उचलायची, ते तिला कोणी सांगत नाही.