ठमाईची अकरावी चूल

ऐका. घाटात रस्ता नव्हता आणि रानात वाघ होता, तेव्हाची ही गोष्ट. उंबरटेप म्हणजे कड्यावरची चार घरांची वाडी. तिथे ठमाई नावाची विधवा बाई राहायची. नाचणी पेरायची, शेळ्या राखायची, आणि चालायला लागली की वारा मागे पडायचा, असं म्हणतात.

एकदा संस्थानाचा हुकूम आला. दहा चुली नसतील ती वाडी उठवायची आणि तिथलं रान राजाच्या शिकारीसाठी राखायचं. लोकांनी बोचकी बांधायला घेतली. ठमाई मात्र डोंगर उतरून थेट संस्थानाच्या कारकुनासमोर उभी राहिली.

“आमच्या दहा चुली हायेत,” ती म्हणाली.

कारकुनाने कड्याकडे बघितलं. “एवढं कोण चढणार, बाई? उद्या सकाळी समोरच्या डोंगरावरून धूर मोजतो. दहा दिसले तर वाडी राहील.”

उजाडताच वाडीतली चौदा माणसं कड्यावरच्या टेकाडभर पांगली. तीन-तीन दगड मांडले, फाटी रचली, धुरासाठी ओला पाला घेतला. ठमाई मडक्यात निखारे घेऊन धावत सुटली. एक चूल पेटवली की पुढची. वाटेतली घळ तिने एका उडीत पार केली आणि पलीकडे पाऊल टेकलंच नाही, असं म्हणतात. पाच पेटल्या, सात पेटल्या, नऊ पेटल्या.

दहावी पेटेना. दवाने फाटी भिजली होती, आणि समोर कारकुनाचं लाल पागोटं दिसू लागलं होतं. ठमाईने घराकडे धाव घेतली. नवऱ्याने मरायच्या आधी शाकारलेलं छप्पर तिने दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि तो कोरडा पेंढा चुलीत कोंबला. भडका उडाला. त्याच क्षणी वारा पडला आणि सगळे धूर खांबासारखे सरळ उभे राहिले, असं म्हणतात.

दरीपलीकडून कारकुनाच्या शिपायाने हाळी दिली, “अकरा मोजल्या. वाडी राहिली.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. चुली तर दहाच मांडल्या होत्या. मग ठमाईने बोट दाखवलं. पूर्वेच्या उघड्या कातळावरून, जिथे कुणी गेलंच नव्हतं, निळा धूर चढत होता.

आजही उंबरटेपात नवं घर बांधलं की पहिली चूल त्या कातळावर पेटते आणि तिथला निखारा घरात येतो. वाडीत किती घरं, असं कुणालाही विचारा. तो मोजून सांगतो आणि वर एक मिळवतो. ते ठमाईचं.