मंडईमागची शेकोटी

शहर नुकतंच वसत होतं, तेव्हाची गोष्ट. मंडईमागच्या पडक्या धर्मशाळेत काही प्राणी राहत. थंडीत सगळ्यांची मिळून एकच शेकोटी असे. ज्याने त्याने काटक्या आणायच्या आणि सगळ्यांनी शेकायचं, असा तिथला रिवाज होता.

एका संध्याकाळी माकडाने शेकोटीतला एक निखारा उचलला. "बायको बाळंतीण आहे हो. एकाने काय होतंय?" असं म्हणत ते आपल्या कोपऱ्यात गेलं. कोणी हरकत घेतली नाही. मग मांजरीने एक नेला, कुत्र्यानेही नेला.

शेकोटी मंदावताना पाहून घुशीचा जीव तुटत होता. ती काटक्या आणून टाकतच राहिली, पण आग काही धरेना. तिची पिल्लं कुडकुडायला लागली. "मग मीच एकटीने का मरावं?" म्हणत तिने उरलेला शेवटचा निखारा बिळात नेला.

एकेकटे निखारे कितीसे टिकणार! पहाटेपर्यंत घरोघरी राख झाली. घुशीचं धाकटं पिल्लू गारठून मेलं.

सकाळी सारे काटक्या घेऊन थंड शेकोटीभोवती जमले. "कोणी विझवली ही?" जो तो दुसऱ्याला विचारू लागला. सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती ती घूस.