पारूबाईची ताकदीची गोळी

करंजवड्यात जानू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि तिथंच सगळा घोळ व्हायचा.

त्याची म्हातारी आई, पारूबाई, पार थकली होती. त्यामुळं लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरी झालं. हे तिच्या मनाला फार लागलं होतं. "जान्या, निदान बारशाला तरी मला न्हे रं," ती म्हणायची. "नातीला माझ्या हातानं पाळण्यात घालू दे."

जानू तिला डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "मल्टिव्हिटॅमिनची गोळी सुरू करू. मेडिकलमधून आण. पण आईच्या वयाला शोभेल अशी बघून घे."

"एवढंच ना!" जानू म्हणाला.

मेडिकलवाल्यानं एक डबी पुढं केली.

"ही कधी बनली?"

"गेल्याच महिन्यात. एकदम ताजी."

"मग ही तर तान्ही हाय. माझी आई सत्तरीची. म्हातारी गोळी दाखवा."

मेडिकलवाल्यानं कपाळाला हात लावला. जानूनं दुकानामागच्या टाकाऊ खोक्यातून स्वतःच एक डबी शोधली. धुळीनं माखलेली, रंग उडालेली. ती त्याला अगदी आईच्या वयाची वाटली.

ती डबी बघून डॉक्टर ओरडले, "अरे, हिची मुदत कधीच संपलीय! औषध घेताना तारीख बघावी. जितकी पुढची, तितकी चांगली."

"एवढंच ना!"

जानू सगळ्या बाजारात तारखा बघत हिंडला. सगळ्यात पुढची तारीख एका मोठ्या कॅनवर सापडली. कॅन खांद्यावर टाकून तो घरी आला. पारूबाईनं कॅनवरचं चित्र निरखून बघितलं.

"जान्या, ही म्हस कुणाची?"

"औषधाची."

पारूबाईनं ते औषध गोठ्यातल्या म्हशीला घातलं. म्हशीचं दूध वाढलं. पारूबाई होती तिथंच राहिली.

बारसं तोंडावर आलं. डॉक्टरांनी जानूला समोर बसवलं. "नीट ऐक. औषध कुणाला, वय काय, बीपी-शुगर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे आधी सांगायचं. मगच मागायचं."

"एवढंच ना!"

वाटेत बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे घ्यायचे होते. जानू वाण्याला म्हणाला, "आई सत्तरीची हाय. बीपी हाय, शुगर न्हाई. रातच्याला एक गोळी घेती. दोन किलो हरभरं द्या."

वाणी घाबरला. "एवढ्या म्हातारीला दोन किलो?" त्यानं मूठभर हरभरे पुडीत बांधले. "आधी एवढं सोसतंय का बघ. आणि भिजवून दे रं बाबा."

शेवटी डॉक्टरच जानूबरोबर मेडिकलमध्ये गेले. पारूबाईच्या चालू गोळ्या बघून त्यांनी डबी निवडली. ती जानूच्या हातात ठेवली आणि हात जोडले. "आता डोकं चालवू नकोस. डबीवर लिहिलंय तसंच वाग. एक अक्षर इकडचं तिकडं नको."

"एवढंच ना!"

जानूनं डबीवरचा सगळा मजकूर पाठ केला. गोळी जेवल्यावर घ्यायची होती, म्हणून का होईना, पारूबाई दोन्ही वेळा जेवायला लागली. बारशाच्या दिवशी डबी संपली, आणि ती आपल्या पायांनी एसटीत चढली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

लेकीच्या घरी पाळणा सजला होता. बायका जमल्या होत्या. बाळाला कुंची घालून झाली. नाव ठेवायची वेळ आली, आणि आजीचा पत्ता नाही.

"दादा, आई कुठंय?" बहीण रडकुंडीला आली.

"ठेवली."

"ठेवली? कुठं ठेवली?"

"धान्याच्या खोलीत. बाहेरनं कडी घातलीय."

सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. जानूनं शांतपणे समजावलं, "डबीत आता एक बी गोळी न्हाई. समद्या आईच्या पोटात. म्हंजी डबी आता आईच की! आणि डबीवर लिवलंय, थंड, कोरड्या जागी ठेवा. झाकण घट्ट लावा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका."

तेवढ्यात खोलीचं दार धडधडलं. आतून पारूबाईच्या शिव्या ऐकू आल्या. मग कडी तुटली, बिजागऱ्या निखळल्या, आणि दार फळ्यांसकट आडवं झालं. त्यावरून पारूबाई तरातरा चालत आली. तिनं नातीला उचललं, छातीशी धरलं आणि तिचे मुके घेतले.

बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. आणि गर्दीतून वाट काढत, आख्खं दार डोक्यावर घेऊन, जानू ओरडत आला, "आई, हलू नगंस! झाकण लावायचं ऱ्हायलंय!"